पिंगळीचा मौनी बाबा

आमचा पुढारी कसा बोलायचा ते मी आजबी करून दाखवतो. आधी खाकरायचं, मग पोटावरनं हात फिरवायचा अन् म्हणायचं, "मजदूर भाईहो! तुमची भूक ती माझी भूक!"

परभणीच्या कापसाच्या जीनमधले आमी हमाल टाळ्या पिटायचो. मी सातवी शिकलेला, पण रुईच्या गाठी उचलायचो अन् वरून नकला. माझी नक्कल बघून तो सोताच पोट धरून हसायचा.

गडी पहिला आमच्यातलाच, हमाल. मग युनियनचा पुढारी झाला, मग गावच्या कमिटीत निवडून आला. लढाईच्या दिवसांत आमची कंट्रोलची, म्हंजे सरकारी भावाची ज्वारी त्याच्याच हातानं वाटली जायची. निम्मी ज्वारी चोरून बाजारात गेली, बोंब झाली, अन् गडी फरार! त्याची भूक आमच्यापेक्षा जरा मोठीच निघाली.

पण जीनमधल्या त्या ज्वारीच्या कोठ्याची राखण करायचा माझा चुलता. पोलिसाच्या अमीनसाहेबानं त्यालाच आत टाकला. काकू भाकरी घेऊन गेली तर अमीन म्हणला, "तुमचा पुढारी आणून द्या, मग ह्याला घेऊन जा."

आता पुढारी आणायचा कुठून?

अन् एक दिवस पिंगळी स्टेशनावर मालगाडीचा एक डबा बिघडला. गाठी आमच्याच, म्हणून दुसऱ्या डब्यात टाकायला आमची टोळी तिकडं. फलाटावर एक बैरागी बसलेला, दाढी, राख, डोळे मिटलेले. गंगाखेडला गोदावरीवर निघालाय म्हणे, मौन धरलंय. बाया पाया पडायल्यात! मी बी वाकलो, अन् बघतो तर काय, बाबाच्या उजव्या खांद्यावर हमालाचा घट्टा!

हा आमचा फरार पुढारीच तर न्हाई? पण उगं बोट दाखवलं अन् खरा साधू निघाला तर? बायांनीच मला तुडवला असता.

आमच्यात रीत हाय. गाठ उचलायच्या आधी एक जण हाक देतो, "धरलं का रेऽऽ?" सगळ्यांनी "धरलंऽऽ!" म्हणायचंच. एक जरी गप राहिला तरी गाठ हलवायची न्हाई, न्हाईतर कुणाचा तरी पाय गेलाच समजा. पुढाऱ्यानं ती हाक जल्मभर दिलेली अन् ऐकलेली.

मी टोळीत जाऊन वाकलो अन् त्याच्याच आवाजात ठोकून दिली, "धरलं का रेऽऽ?"

"धरलंऽऽ!" टोळी म्हणली. अन् मागनं बाबा बी म्हणला, "धरलंऽऽ!" हात पार खांद्यावर गेला की!

बाया किंचाळल्या, "अगं बाई, मौन सुटलं!"

"मौन न्हाई मावशे, आमची ज्वारी सुटली!" मी बोंबललो. पळायला उठला, पण बारा गाठी रोज उचलणारे आमी, त्याला उचलायला किती वेळ? अमीनाकडं नेताना मला म्हणतो, "नालायका, माझाच आवाज काढलास!"

चुलता सुटून आला. दुसऱ्या दिवशी जीनमधी गडी म्हणले, आज हाक तूच दे, म्हणून मी दिली. तोंडातनं पुढाऱ्याचाच आवाज! एक बी गडी वाकंना.

चुलता ओरडला, "त्याचा आवाज नको रे आता. तुझा दे!"

माझा कसा असतो तेच मला ठाऊक न्हवतं. दिली. कोंबडीची मान मुरगाळल्यावानी निघाला. सगळे खोखो हसले, हसत हसतच "धरलंऽऽ" म्हणले, अन् गाठ उठली.