आजींचा शनिवारचा वर्ग

सरकार जी काही योजना काढतं ती आपल्या एकटीसाठीच, अशी पक्की खात्री असलेलं माणूस सबंध कामोठ्यात एकच असेल, आणि ते म्हणजे आमच्या घरमालकीण आजी. टीव्हीवर लसीची बातमी लागली की त्या पदर सावरून, दंड उघडा करून खुर्चीत बसत. एसटीत बायकांना सवलत जाहीर झाली तेव्हा त्या पनवेलच्या आगारात जाऊन उभ्या राहिल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "मना बोलावलंय. कुठं जायाचं त्ये तुमी सांगा." त्याने त्यांना अलिबागच्या गाडीत बसवलं. त्या गेल्या, समुद्र बघितला आणि परतीच्या गाडीने आल्या. "समुद्र तसाच हाय," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं. त्यामुळे महापालिकेच्या शाळेतल्या बाई साक्षरतेच्या सर्वेक्षणाला आल्या आणि "घरात पंधरा वर्षांपुढचं कुणी असाक्षर..." एवढंच म्हणाल्या, तेव्हा आजींनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "माजं नाव लिवा. चा घेनार क?"

आजी इथल्याच, आगरी. शेतं शहरात गेली आणि त्या बदल्यात ही चार मजली इमारत उभी राहिली. नवरा गेला, दोन्ही मुलं ऐरोलीला लिफ्टच्या सोसायटीत राहायला गेली, आणि पहिल्या मजल्यावर आजी एकट्या उरल्या. मी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. महाप्याला एका कंपनीत हिशेब बघतो, त्यामुळे वाढवून सांगायची सवय मला नाही. आणि आजींबद्दल लिहिताना तिची गरजही पडत नाही. त्यांच्या कमरेच्या पिशवीत शाईचं पॅड असे. भाड्याच्या पावतीवर तर त्या अंगठा उठवतच, पण एकदा कुरिअरवाल्याच्या मोबाइलच्या काचेवरही उठवला, आणि तो पुसायला लागला तर त्याच्यावरच चिडल्या. पूर्वी एक तारखेला आम्ही भाडेकरू एकेक करून खाली जायचो. त्या दिवशी आजी धुतलेलं लुगडं नेसून बसत. आधी चहा, मग चौकशा, मग पैसे, मग अंगठा, आणि निघताना तांदळाच्या दोन भाकऱ्या. पुढे थोरल्या मुलाने फाटकावर क्यूआर कोड चिकटवला. "आईला त्रास नको," तो म्हणाला. आम्हा सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. भाडं परस्पर ऐरोलीला जाऊ लागलं.

हा साक्षरतेचा कार्यक्रम स्वयंसेवकांवर चालतो, मानधन नाही. शाळेतल्या बाई शिकवणारं माणूस शोधत होत्या, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझं नाव दिलं. "शनिवारी नाहीतरी पेपर तोंडावर घेऊन झोपताच." अशा रीतीने मी मास्तर झालो. वर्ग आजींच्याच हॉलमध्ये. विद्यार्थिनी तीन: आजी, कोपऱ्यावरची भाजीवाली आणि आमच्या वॉचमनची बायको. आजींनी पहिल्याच दिवशी शिस्त लावली. हजेरी घ्यायचीच. स्वतःच्या घरात बसलेल्या बाईंचं नाव मी पुकारायचो आणि त्या उभ्या राहून "हाय!" म्हणायच्या. मधली सुट्टी पाहिजेच, तिला सुकटीची चटणी आणि भाकरी. मला पोहोचायला पाच मिनिटं उशीर झाला तर जिन्यातून हाक यायची, "मास्तर, तुज्या घरच्यांना बोलवून आनू क?"

मार्चमध्ये शाळेत परीक्षा झाली. वाचन, लेखन, गणित. त्या दोघी पास झाल्या. आजींच्या प्रमाणपत्रावर आलं, 'सुधारणा आवश्यक'. वाचन आणि गणित उत्तम, लेखनाची पानं मात्र कोरी. "हात दुखला," आजी म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले. मला वाटलं, त्यांना निकाल कळलेला नाही. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कल्लं रं. पेढा खा."

दुसऱ्या वर्षी वर्गात आजी एकट्याच. त्या वेळी लेखन सुरेख, वाचन कोरं. "चष्मा इसरले." चष्मा डोक्यावर होता. मला नवल वाटायचं, पण म्हातारं माणूस, परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

एका शनिवारी मी लवकर उतरलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आजींचा आवाज येत होता, सावकाश, पण कुठेही न अडखळता. त्या पेपर मोठ्याने वाचत होत्या. बातमी नेमकी साक्षरतेचीच होती: यंदाही असाक्षरांची परीक्षा मार्चमध्ये, जिल्ह्यांना तयारीच्या सूचना. मी आत पाऊल टाकलं तसा त्यांनी पेपर झटकन उलटा धरला. उलटा धरलेल्या पेपरावरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"आजी, तुम्हाला सगळं येतं."

"थोरं थोरं."

"मग परीक्षेत का लिहीत नाही?"

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "पास झालं का वर्ग बंद. भाजीवाली आली क परत? ती वॉचमनची? दोगी पास झाल्या नि गेल्या."

"मी येईन की. वर्ग नसला तरी येईन."

"कशाला येशील? एक तारखेचा भारा तर तू फोनमधून टाकतंस."

ते खरं होतं. पण शिकलेल्या माणसाला असाक्षर म्हणून नोंदवत राहणंही मला जमेना. मी तसं सरळ सांगितलं, की पुढच्या परीक्षेतही पानं मुद्दाम कोरी सोडणार असाल तर तुमचं नाव मी पाठवणार नाही. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "तुजी नोकरी नको जायाला."

"आजी, ही नोकरी नाही."

"तरी पन."

त्या मार्चमध्ये आजींनी तिन्ही भाग लिहिले आणि एका झटक्यात पास झाल्या. मुलं ऐरोलीहून गाडी घेऊन आली. प्रमाणपत्र हातात देऊन आजींचा फोटो काढला, तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी वाहतूक वाढायच्या आत परत गेली.

पुढच्या शनिवारी मी शब्द दिल्याप्रमाणे खाली गेलो. आम्ही समोरासमोर बसलो. हजेरी घ्यायची नव्हती, गिरवायचं नव्हतं. इतके दिवस आम्ही एकमेकांशी किती बोलत होतो, आणि ते सगळं अक्षरांच्या आडून चाललं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. चहा झाला. "बरं," मी म्हणालो. "बरं," त्या म्हणाल्या.

पण आजी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. सोमवारी त्यांनी मला जिन्यात अडवलं. "सरकारला मास्तर लागतान ना? मंग मना मास्तरीन कर." नियमात हे बसतं का, म्हणून मी शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. "आधी विद्यार्थी तर मिळू दे."

तेव्हापासून आजी दुपारी फाटकाच्या पायरीवर बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारतात, "वाचता येतं क?" गॅसवाल्याला येतं. नव्या वॉचमनला येतं. केबलवाल्याला येतं. शेजारच्या इमारतीत कामाला आलेल्या बाईंना विचारलं, तर त्या बारावी शिकलेल्या निघाल्या. आजींनी त्यांना पाणी दिलं, पण चेहरा पडला तो पडलाच.

काल मी कामावरून आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आजी पायरीवरच होत्या.

"मास्तर, कोन मिलला क?"

"अजून नाही, आजी."

"सगले शिकले," त्या म्हणाल्या, एखाद्या गावातून सगळी माणसं उठून गेल्यावर म्हणावं तशा आवाजात. मग त्यांनी लुगडं आवरून घेतलं आणि पायरीवर थोड्या सरकल्या. मी बॅग मांडीवर घेतली आणि बसलो.