लाईन हाये

आमच्याकडे वीज गेली की 'लाईन गेली' म्हणतात. 'वीज' म्हणणारा माणूस एकतर साहेब असतो, नाहीतर बाहेरगावचा. या एका 'लाईन' शब्दाने त्या वर्षी आमच्या भाऊबीजेची माती केली, आणि तो शब्द माझ्या आईच्याच तोंडून गेला होता.

कापसाला भाव नव्हता. मागच्या हंगामाचा कापूस मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेला, त्यात नवा वेचून यायला लागलेला. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते; खाजवून खाजवून घरातल्या सगळ्यांच्या अंगाची सालटी निघाली होती. बोरी अरबच्या बाजारात भाव चढला अशी नुसती आवई उठली, की लोक एकदम गाड्या भरायचे. दिवाळीच्या तोंडावर अशीच एक शिगोशीग भरलेली ट्रॉली आमच्या गल्लीतून गेली आणि इंटरनेटची वायर तोडून सोबत घेऊन गेली. भाव काही चढला नव्हता. ट्रॉली भरलेलीच परत आली, वायर मात्र आली नाही.

एरवी मी कंपनीला चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण मामा नागपूरला दवाखान्यात होता. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, शेवटी डॉक्टरांना त्याचं स्वरयंत्रच काढावं लागलं. साध्या फोनवर आई 'हॅलो, हॅलो' करायची आणि पलीकडून नुसता श्वास यायचा. व्हिडिओवर मात्र दोघं बहीणभाऊ हातवारे करून भांडायचीसुद्धा. आईचे गुडघे गेलेले, नागपूरचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. म्हणून भाऊबीज फोनवरच करायची ठरली. ही शेवटची, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

तक्रार मी केलेली होतीच. भाऊबीजेच्या सकाळी दळण घेऊन आलो, तर आई खुशीत.

"कंपनीतल्या पोरीचा फोन आलता. लाईन चालू हाये का म्हणे. म्या म्हटलं, हाये बाई, सकाळपासून हाये."

मी लगेच कंपनीला फोन लावला. पुण्याची की कुठली ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, लाईन चालू असल्याचं तुमच्या घरूनच सांगितलंय, म्हणून तक्रार बंद केली. नवीन घेते, पण माणूस आता सुट्ट्या संपल्यावरच येईल." मला तिचा आजही राग येतो, आणि तिचं काही चुकलं नव्हतं म्हणून जास्तच येतो. आईला मी हे अजूनही सांगितलेलं नाही.

मोबाईलचं नेट आमच्या घरात येत नाही, स्लॅबवर येतं. आईला जिना चढवत नव्हता. मग माझा फोन स्लॅबच्या टोकाला, टीव्हीच्या जुन्या डिशच्या छत्रीत ठेवला आणि त्याच्या हॉटस्पॉटवर खाली अंगणात बायकोचा फोन जोडला. चित्र यायचं, गोल फिरत राहायचं, जायचं. वर जाऊन फोन सरकव, खाली येऊन बघ, यातच दिवस गेला. आई ताट पुढ्यात घेऊन खुर्चीवर बसलेली. दिव्यात दोनदा तेल घालून झालं.

ऊन उतरलं. पश्चिमेला बीजेची कोर दिसायला लागली. ती फार वेळ टिकत नाही. शेजारची काकू भिंतीवरून म्हणाली, "जाऊ दे ना बाई आता. चंद्राले ओवाळून घे." ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. काकूच्या मनात वाईट नव्हतं, पण आई कडाडली, "चंद्राले कायले ओवाळू? माहा भाऊ जिता हाये!"

मी पुन्हा वर जाऊन फोन फिरवला. खालून आई ओरडली, "आला, आला!" धावत खाली आलो. मामा पलंगावर उशीला टेकून बसलेला, डोक्यावर पांढरी टोपी. दरवर्षी तो तिला चिडवायला मुद्दाम बोडक्याने बसायचा आणि ही ताट खाली ठेवून म्हणायची, "टोपी घाल रे आधी!" या वेळी त्याने न सांगता टोपी घातलेली पाहून तिला रडूच फुटलं. रडत रडतच तिने ओवाळलं. मामाची पापणीसुद्धा हलत नव्हती. चित्र अडकलं होतं. आईला वाटलं, तो टक लावून तिच्याकडे बघतोय.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत मामा गेला. मामीने मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या दिवशी तुमचा फोन लागलाच नाही काहून, बाबू? इकडे नुसतं गोल गोल फिरून राह्यलं होतं. हे दुपारपासून टोपी घालून बसले होते. झोपतानाही काढू नाही देली." मी म्हटलं, वायर तुटली होती.

पुढच्या भाऊबीजेला वायर शाबूत होती. लाईनही होती. आईने ताट लावलं आणि मला म्हणाली, "मले वर ने." एकेका पायरीवर बसत ती स्लॅबवर आली. कोर स्वच्छ दिसत होती. तिने ताट उचललं, अर्ध्यावर थांबली, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "टोपी घाल रे आधी."