जहाजाच्या जोडातला घास

मारेगावजवळच्या आमच्या तांड्यातून पोटासाठी थेट समुद्रापर्यंत गेलेला माणूस एकच, माझे काका हरिसिंग. वणीला कोळशाचे डंपर दुरुस्त करता करता ते वेल्डिंग शिकले आणि एका ठेकेदाराने त्यांना जहाजांच्या कारखान्यात नेलं. वीस वर्षं झाली. वेल्डिंगच्या जोडात आत भोक राहिलंय का, ते तिथे एक्स-रे काढून बघतात. काकांच्या जोडाचा एक्स-रे काढणं म्हणजे फिल्म फुकट घालवणं, असं तिथले साहेब म्हणत. हे काकांनी कधी सांगितलं नाही, ते बोलण्यात भलतेच कंजूष. मला सांगितलं राजकुमारने. बापाविषयी तो छाती फुगवूनच बोलायचा.

राजकुमार त्यांचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी काकांना भेटायला निघाला आणि पुरात रेल्वेचा पूल गाडीसकट कोसळला, त्याच गाडीत तो होता. देशभर झेंडे अर्ध्यावर आले. दोनशेच्या वर माणसं गेली. त्यांतली काही सापडलीच नाहीत, त्यांत आमचा राजकुमार.

आम्ही बंजारा लोक दिवाळीला धबुकार देतो. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन लापशीचा घास विस्तवात सोडायचा. मानीबाईकाकू सासू-सासऱ्यांपासून सगळ्यांची नावं घ्यायची, राजकुमारचं मात्र नाही. "देह दाखवा, मंग नाव घेईन," म्हणायची. त्याच्या मोबाइलला दर महिन्याला रिचार्ज मारून आणायला ती मलाच पाठवायची, आणि मी मुकाट्याने जायची. काकाही तिला काही बोलत नसत. पण पोराला घास मिळत नाही, हे त्यांना आतून खात होतं.

यंदा सरकारने त्या पुलाचं लोखंड वितळवून पत्रे केले. गेलेल्यांची आठवण म्हणून नौदलाच्या नव्या जहाजाच्या पुढच्या टोकाला ते बसवायचे ठरले, आणि आले ते काकांच्याच कारखान्यात. पहिला जोड मी करतो, असं काकांनी साहेबांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

आणि या शहाण्या माणसाने काय करावं? डब्यातून गूळ आणि तूप नेलं. दोन पत्र्यांच्या फटीत चिमूटभर ठेवलं, राजकुमारचं नाव घेतलं आणि वेल्डिंग सुरू केलं. जोडाला तेलाचं बोट लागलेलं चालत नाही, हे तेच नव्या लोकांना दरडावून सांगायचे. मला त्यांचा अजून राग येतो. रडूही येतं.

एक्स-रेत भोकंच भोकं दिसली. साहेबांनी विचारलं आणि काकांनी खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी फिल्म खाली ठेवली. मग म्हणाले, "हरिसिंग, तुझ्या पोराला घास पोचला असेल. पण या जहाजावर दुसऱ्यांची पोरं चढणार आहेत."

काकांनी स्वतःच ग्राइंडर उचलला. सगळा जोड खरवडून काढला, फट लख्ख पुसली आणि नवा जोड भरला. या वेळी एक्स-रेत काही निघालं नाही.

दिवाळीला ते घरी आले. धबुकारच्या सकाळी काकू चुलीवर लापशी ढवळत होती. काकांनी मला शेजारी बसवून घेतलं, एकट्याने सांगायची त्यांची हिंमत नव्हती. मान खाली घालून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"तुले न विचारता त्याचं नाव घेतलं," ते म्हणाले. "चुकलं माहं."

आता काकू घर डोक्यावर घेणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. काकूचा हात थांबला होता.

"किती घातलतं?" तिने विचारलं.

"चिमूटभर."

"चिमूटभर?" तिचा आवाज फाटला. "तीन वर्सापासून उपाशी हाये माहं पोरगं. चिमटीनं त्याचं काय होते?"

तिने पळी काठोकाठ भरली, वर तूप सोडलं आणि विस्तवाजवळ सरकली.

"राजकुमार," ती म्हणाली, "ये बापा, जेवून घे."