तिसऱ्या गिअरवर घाट

पंप बदलून आणल्यापासून मामाजींचा ट्रक चढावर दम टाकायला लागला. मामाजी म्हणजे माझे सासरे. तळेगावच्या (श्यामजी पंत) आसपासच्या भाजीच्या वाड्यांमधली वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर भरायचा आणि नागपूरच्या बाजारात पोचवायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. जुना डिझेल पंप झिजला, तेव्हा भंगार बाजारातून त्याच जातीच्या एका ठोकलेल्या ट्रकचा पंप मिळाला. आमच्या वर्ध्याच्या मिस्त्रींनी तो बसवला. हे मिस्त्री साधे नव्हेत. नुसत्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरला डिझेल कमी पडतंय ते सांगायचे.

सपाट रस्त्यावर गाडी बरी चालली. माल भरून घाटाला लागली तेव्हा मामाजींना पहिल्या गिअरवर यावं लागलं. मागून कुटार, म्हणजे भुसा, भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि बाजूने पुढे निघून गेली. हे त्यांनी घरी सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्या ओळखीच्या एका वाडीवाल्याने सासूबाईंना फोनवर हसत हसत सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं.

मिस्त्रींनी पंप उतरवून मशीनवर लावला. पाहिजे तेवढं डिझेल बरोबर देत होता. परत बसवला, गाडी तशीच. मग टाकी धुतली, फिल्टर बदलले, पाइप तपासले. पुन्हा पंप मशीनवर. महिना यातच गेला. वाडीवाले दुसऱ्या गाड्यांना माल द्यायला लागले, आणि त्यांचं चुकत होतं असं म्हणता येत नाही. कोथिंबीर कोणासाठी थांबत नाही. शेवटी मिस्त्री म्हणाले की ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला असावा आणि त्याला हात लावणारा माणूस वर्ध्यात नाही.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले. सिंदी मेघेच्या आमच्या घरात समोरच्या खोलीच्या खिडकीशी माझं टेबल आहे. मोबाइल, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करते. ते टेबल मामाजींनीच करवून दिलेलं. पण ट्रक हा त्यांचा प्रांत. त्यात मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सुधारत होते तो चार्जर मी बाजूला ठेवला.

"तो कॉम्प्युटर तुले खोलता येते का, पोरी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खोलता येईल, पण आधी गाडी पाहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केबिन पुढे कलवून इंजिन उघडं केलं. मी मल्टिमीटर घेऊन एकेक वायर तपासत गेले. ईसीएमला वीज बरोबर मिळत होती, सेन्सर बोलत होते. दुपारी पंपाच्या मागच्या बाजूला हात घातला तेव्हा वायर जोडायचा एक छोटा कपलर हाताला लागला. दोनच तारा त्यात येत होत्या आणि पुढे काहीच नव्हतं. तोंडावर बोटाच्या पेराएवढी काळी बंद डबी. मी ती काढून मीटर लावला. आत एक रेझिस्टन्स होता, बस. पैशाला मूठभर मिळतो तसला.

कशालाच न जोडलेला रेझिस्टन्स कोणी कशाला लावेल? मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ फूटबोर्डवर बसले. मग मला मोबाइलची बॅटरी आठवली. तिच्यातही असाच एक रेझिस्टन्स असतो. त्याचं काम एकच, आपण कोणती बॅटरी आहोत ते मोबाइलला सांगणं.

मी मिस्त्रींना फोन लावला आणि पंप बदलला तेव्हा ही डबी बदलली होती का, ते विचारलं. ते म्हणाले, नाही, ती गाडीच्या वायरिंगला होती, तिला काऊन हात लावायचा. मग मी त्यांना माझा अंदाज सांगितला. दोन पंप कधी तंतोतंत सारखे निघत नसणार. कारखान्यात प्रत्येक पंप मोजत असतील, कोणता जरा जास्त डिझेल देतो, कोणता जरा कमी, आणि त्या मापाचा रेझिस्टन्स त्याच्यासोबत देत असतील. ईसीएम तो वाचतो आणि त्या हिशेबाने पंपाला हुकूम सोडतो. आपल्या गाडीत पंप दुसऱ्याचा आणि ओळखपत्र जुन्याचं.

मग ते म्हणाले, "बाई, तीस वर्षं झाली, ही डबी कायची हे मले कोणी सांगतलं नाई." त्यात राग नव्हता. पण विश्वासही नव्हता.

भंगारवाल्याला विचारलं तर त्या ट्रकचं वायरिंग केव्हाच कापून विकलं गेलं होतं. खरी डबी मिळणार नव्हती. म्हणजे आकडा आपणच शोधायचा. मी वेगवेगळ्या मापांचे दहा रेझिस्टन्स काढले, प्रत्येकाला तारा जोडून त्यावर कागदाची चिठ्ठी लावली. शेजाऱ्यांचं घर बांधणं चालू होतं. मामाजींनी त्यांच्याकडून विटा मागितल्या आणि गाडी भरली. रिकाम्या गाडीवर काही कळलं नसतं.

सकाळीच निघालो. मिस्त्रीही आले, बहुतेक मला चुकताना पाहायला. घाटाच्या पायथ्याशी मामाजींनी गाडी चालू ठेवली, मी डबीच्या जागी कमी मापाचा रेझिस्टन्स लावला. वर गेलो. काही फरक नाही. खाली आलो, जास्त मापाचा लावला. तरी तेच. चौथ्या खेपेनंतर मिस्त्री खिडकीबाहेर पाहायला लागले. महिनाभर थकलेल्या माणसाला मी उगाच आशा दाखवली असं वाटत होतं.

मामाजी म्हणाले, चहा घेऊ. गाडी बंद करून टपरीवर बसलो. चहा पिऊन निघालो, गाडी शंभर पावलं गेली असेल, तोच मामाजींनी पाय उचलला आणि पुन्हा दाबला.

"काहीतरी बदललं," ते म्हणाले. "पहिल्यापेक्षा जड झाली."

जड! गाडी आणखी बिघडली होती आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ईसीएम डबी वाचत होता. फक्त चावी लावताना एकदाच वाचत होता, आणि मी चालू गाडीत रेझिस्टन्स बदलत बसले होते. मी मामाजींना गाडी थांबवून चावी काढायला सांगितली. उलट्या दिशेचा रेझिस्टन्स लावला. चावी फिरवली.

या वेळी गाडी दुसऱ्या गिअरवर घाट चढली. पुढचा लावला, आणखी हलकी. त्याच्या पुढचा लावला तर मागे काळा धूर निघाला. मिस्त्री लगेच म्हणाले, थांब, हे जास्त झालं, इंजिन तापंल. आता ते आरशात धूर पाहायचे आणि मला सांगायचे, मी मधलं माप साधायला दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडायचे. कोण कोणाची परीक्षा घ्यायला आलं होतं ते आम्ही दोघंही विसरलो.

दुपारच्या उन्हात दहावी खेप. वळणावर मामाजींचा हात सवयीने गिअरवर गेला आणि तिथेच थांबला. खाली उतरवायची गरजच पडली नाही. विटांनी पूर्ण भरलेला ट्रक तिसऱ्यावर, एका सुरात, धुराशिवाय घाटमाथ्यावर आला. पुढे कडब्याचा एक ट्रॅक्टर चालला होता. मामाजींनी हॉर्न दिला आणि त्याला मागे टाकलं. मग गाडी कडेला घेऊन ते स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"तिसऱ्यावर आली," ते म्हणाले. "भरल्या गाडीनं."

घरी येऊन मी ते दोन रेझिस्टन्स नीट सोल्डर केले, बॉलपेनच्या कापलेल्या नळीत घालून दोन्ही टोकं पक्क्या डिंकाने बंद केली, पाणी जाऊ नये म्हणून. त्या आठवड्यात मामाजींनी वांग्यांची पहिली खेप नेली. पंधरा दिवसांत जुने वाडीवाले सगळे परतले. त्या फोनवर हसणाऱ्याने तर सर्वांत आधी माल भरला.

पुढच्या महिन्यात मिस्त्रींकडून बोलावणं आलं. गॅरेजमध्ये एक ट्रक उभा होता, पंप नुकताच बदललेला, आणि त्याचा मालक कुरकुरत होता की गाडी ओढून नाही राह्यली. मी आत गेले तशी मिस्त्रींनी चार ड्रायव्हरांसमोर आपली खुर्ची मला दिली. त्या मालकाने विचारलं, या बाई कोण?

"पंपाचं मी पाह्यतो," मिस्त्री म्हणाले. "आकडा या सांगतात."

मी मल्टिमीटर काढला आणि त्यांना केबिन उचलायला सांगितलं.