आईसाठी हरभऱ्याची आंब: नांदेड ते रेणापूर, एसटीने

शहाणी माणसं नांदेडहून माहूरला जातात, दर्शन घेतात, गडावर फोटो काढतात आणि मग ब्लॉग लिहितात. मी भर दुष्काळात रेणापूर तालुक्यातल्या एका गावी गेलो, हरभऱ्याची आंब आणायला. म्हणजे बाटलीभर आंबट पाणी. त्यासाठी दोन दिवसांची रजा टाकली, आणि अर्जात कारण लिहिलं 'घरगुती'.

कारण खरंच घरगुती होतं. आई टायफाइडमधून उठली, रिपोर्ट चांगले आले, पण जेवण सुटलं ते सुटलंच. तीन आठवडे नुसता चहा आणि दोन बिस्किटं. तिचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं होतं. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. एक दिवस म्हणाली, "आंब असती तर भाकरीचे दोन घास गेले असते." मी लगेच लिंबू चिरलं. "लिंबू काय आंब हाय का?" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

आता मी पडलो बारावीचा रसायनशास्त्राचा मास्तर. गप्प बसेन तर शपथ. तिला समजावलं, की लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक, आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक, सगळी एकाच कुळीची, कार्बोक्सिलिक आम्लं. एक कार्बन, त्याला चिकटलेले दोन ऑक्सिजन, त्यातल्या एकाच्या गळ्यात सैल बांधलेला हायड्रोजन. तो सुटला की जिभेला आंबट लागतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. "मग तूच खा ते लिंबू," म्हणाली. मी रेणापूरकडच्या माझ्या बहिणीला, अक्काला फोन लावला.

प्रवासाची माहिती हवी असणाऱ्यांसाठी: लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला चार तास लागतात, तिकीट दोनशेच्या आत. सकाळची गाडी असेल तर उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. देखाव्याची काळजी करू नका, दोन्हीकडं सारखाच आहे, म्हणजे नाहीच. अहमदपूरला सुशीला, म्हणजे फोडणीचे ओले मुरमुरे, खाल्ली. मुरमुरे झकास होते, पण वर लिंबाऐवजी लिंबूसत्व भुरभुरवलेलं. हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "लिंबाची झाडं वाळली सर. चव तीच हाय, खा." रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्याचं म्हणणं बरोबर असल्यानं मला भांडता आलं नाही.

शेजारी उदगीरचे एक काका होते. त्यांचा आनंद गाडीत मावत नव्हता.

"आमचा जिल्हा होऊन राहिला बघा. कलेक्टर हापिस कुठं बांधायचं ते बी ठरलं."

"आणि पाणी?"

"जिल्हा झाल्यावर पाणी येतंयच की."

शिरूर ताजबंदला ते उतरले. उदगीरच्या गाडीची वाट बघत ते टँकरच्या सावलीत उभे राहिले.

लातूरहून रेणापूर अर्ध्या तासावर, पुढं काळीपिवळी. संध्याकाळी गावात पोचलो. दाजींनी जय भीम करून अर्धी बादली पाणी पुढं केलं, तेही बोअरचं. साबण फासला तर फेस दूरच, अंगावर पांढरा चिकट साका. साबण म्हणजे लांब शेपटीच्या कार्बोक्सिलिक आम्लाचा क्षार, जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरून बसवतं. मी हे दाजींना सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, "हाव. म्हणून आम्ही साबण लावत न्हाई."

पहाटे अक्कासोबत शेतात गेलो. सगळं रान करपलेलं, फक्त विहिरीच्या कडेला सांडपाण्यावर जगवलेले हरभऱ्याचे चार वाफे. त्यावर तिनं रात्रीच धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं. पाल्यावरची आंब दवात उतरते आणि दव कापडात. पण दव तरी कुठलं यंदा? धोतर पिळलं तर वाटीच्या तळाला दोन चमचे. "आठ दिवस झाले, रोज पिळून राहिले," ती म्हणाली. तिच्या बोटांना भेगा होत्या आणि आंब त्यात झोंबत होती. माझ्या बहिणीची मला इतकी माया आली की मी काहीच शिकवलं नाही.

अर्धी बाटली भरली होती. काचेची बाटली, तोंडाला चिंधीचा बोळा. "आडवी करू नको बाळू. आता वाफे बी वाळून चाललेत, परत न्हाई निघायची." मी मांडीवर उभी धरून लातूरपर्यंत आणली. तिथं स्टँडवर धक्काबुक्कीत बोळा सुटला, पँट भिजली. मग मी हुशारी केली. विद्यार्थ्यांनी शिक्षकदिनाला दिलेली, घट्ट झाकणाची तांब्याची बाटली माझ्या पिशवीत होती. तीतलं पाणी पिऊन टाकलं आणि आंब तीत ओतली. एक थेंब सांडला नाही. स्वतःवर इतका खूश होतो की चाकूरपर्यंत छान डुलकी लागली.

संध्याकाळी घरी पोचलो. आई उठून बसली, कितीतरी दिवसांनी आपणहून. बायकोनं गरम भाकरी आणली. मी वाटीत आंब ओतली. फिकी हिरवट झाली होती. आईनं बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि पदरात थुंकली.

"कळकली. कशात आणलीस?"

मी बाटली दाखवली. तांबं तसं आम्लाला लवकर दाद देत नाही, पण झाकणाखाली हवा असली आणि गाडी चार तास हलत राहिली की हळूहळू विरघळतं आणि क्षार होतो. पोटात जाऊ नये असा. दर वर्षी फळ्यावर लिहितो.

"कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवायचं नसतं, हे मला चौथी नापासला कळतं," आई म्हणाली. "तू पोरायला काय शिकवतोस रे?"

"हेच," मी म्हणालो.

मी मोरीत सगळी आंब ओतली. अक्काचे आठ दिवस असे गेले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागून आवाज आला म्हणून वळलो तर आई हसत होती. पोट धरून, खोकला येईपर्यंत. "अक्काला फोन लाव," म्हणाली. "म्हण, मास्तर नापास झाला." अक्कानं आधी मला शिव्या दिल्या, मग तीही हसली. फोन कानाला धरूनच आईनं भाकरीचा तुकडा मोडला, आमच्यासाठी केलेल्या चिंचेच्या सारात बुडवला आणि बोलता बोलता खाल्ला. मग दुसरा.

रेणापूरला जावं का, तर जा, पण काचेची बाटली आणि बरं बूच घेऊन. मला तिथून काय मिळालं म्हणाल, तर हे: रोज दुपारी ताट वाढलं की आई म्हणते, "सांग रे, तांब्याच्या बाटलीचं." शेजारची कुणी आली असली तर तिलाही बसवून घेते. मी पहिल्यापासून सांगतो, एकही चूक न वगळता, सावकाश. कारण माझं सांगून होईपर्यंत ती जेवत असते.