उरलेले वीस टक्के मागणारी बाई

बाळांनो, तुम्ही मला फक्त आजी म्हणून ओळखता, त्यामुळे माझी नावं दोन आहेत हे तुम्हाला ठाऊक नसेल. एक माझ्या आईवडिलांनी ठेवलेलं, दुसरं लग्नात मिळालेलं. आमच्याकडे तेव्हा लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण पुष्कळदा तिचं स्वतःचं नावही बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, आणि मग सगळ्यांनी पेढे खायचे. तुमच्या आजोबांनीही लिहिलं. मला आधी विचारलं नव्हतं. नाव चांगलं होतं, फक्त ते माझं नव्हतं.

माझी फार्मसीची पदवी मात्र जुन्या नावाने होती आणि पासपोर्टही त्याच नावाचा. त्या नावाने मी इंग्लंडला आले, इथल्या परीक्षा दिल्या, वॉटफर्डच्या एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट झाले आणि कर भरला. घरात आजोबा, सासरची माणसं आणि मंडळातल्या मैत्रिणी मला नव्या नावाने हाक मारत राहिल्या. तीस वर्षं यात कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते माझ्या पेन्शनमुळे. आम्ही इथे आल्यावर दोन-तीन वर्षांनी आजोबांचे एक ओळखीचे गृहस्थ, पेन्शनच्या योजना विकणारे, आमच्याकडे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर त्यांनी फॉर्म काढले. मी भांडी आवरत होते. आजोबांनी माझा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला आणि त्यावर घरातलं नाव लिहिलं. मी ओले हात पुसून माझा नॅशनल इन्शुरन्स नंबर, इथे प्रत्येकाला एकच मिळणारा सरकारी नंबर, सांगितला आणि खाली सही ठोकली. सही माझी अशी आहे की त्यातून कुठलंच नाव वाचता येत नाही. ही चूक आजोबांची आणि माझी, दोघांची. पुढे जे झालं ते आमची चूक नव्हती.

या पेन्शनचा हिशोब सोपा आहे. मी ऐंशी पौंड भरले की कंपनी सरकारकडून वीस पौंड आणते आणि माझ्या खात्यात शंभर टाकते. म्हणजे त्या शंभरावर वीस टक्के कर माफ. पण दुकानाची मॅनेजर झाल्यापासून माझ्या पगाराच्या वरच्या भागावर चाळीस टक्के कर कापला जात होता. तेव्हा उरलेले वीसही माझेच. फरक इतकाच की पहिले वीस आपोआप येतात आणि दुसरे मागावे लागतात. न मागणाऱ्याला कुणी आठवण करत नाही.

मी मागितले नाहीत, कारण मला माहीतच नव्हतं. दरवर्षी कंपनीचं पत्र आलं की मी त्याला भोकं पाडून निळ्या फाइलमध्ये लावत असे, तारीखवार. त्याच पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात हे लिहिलेलं होतं. आता ती सगळी पानं मी वाचली आहेत. दरवर्षी तेच वाक्य, त्याच जागी.

मला हे सांगितलं दुकानातल्या माझ्या हाताखालच्या मुलीने. ती नागपूरची, तीन वर्षांपूर्वी इथे आलेली. जानेवारीत एका दुपारी चहा पिताना ती फोनवर काहीतरी भरत होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"नवऱ्याच्या पेन्शनचा टॅक्स परत मागतेय, काकू. तुमचा झाला का भरून?"

"माझा कसला? तो आपोआप येतो."

तिने कप खाली ठेवला. "काकू, तुम्ही चाळीस टक्केवाल्या ना? अर्धाच येतो तो आपोआप. बाकीचा तुम्ही कधीच नाही मागितला?"

"नाही."

"अय्यो काकू! आणि आम्हाला रोज सांगता, लेबल दोनदा वाचा म्हणून!"

त्या संध्याकाळी मी नियम वाचला. मागे फक्त चार वर्षं जाता येतं. त्याआधीची वर्षं, ज्यांत मी चाळीस टक्के भरत होते आणि मागत नव्हते, ती गेली. त्यावर आता कुणालाही दाद मागता येत नाही. चारांपैकी सगळ्यात जुनं वर्षही पाच एप्रिलला, इथलं करवर्ष संपताच, जाणार होतं. ते एक वर्ष जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. त्या वर्षी मी जादा शिफ्ट करून पेन्शनमध्ये सगळ्यात जास्त भरलं होतं. निवृत्ती जवळ आली होती आणि पूर्वी कमी भरल्याची मला चुटपुट लागून राहिली होती. चार वर्षांची चार पत्रं स्कॅन करून मी टॅक्स ऑफिसच्या ऑनलाइन फॉर्मला जोडली आणि पाठवून दिली.

मार्चच्या मध्यावर उत्तर आलं. तुम्ही जोडलेले पुरावे दुसऱ्या व्यक्तीचे आहेत, सबब ग्राह्य नाहीत.

मी फोन केला. पाऊण तास त्यांचं संगीत ऐकल्यावर एक माणूस बोलला. आवाज तरुण होता आणि सभ्य होता, हे मी कबूल करते.

"मॅडम, ही पत्रं ज्या बाईंची आहेत त्यांना माहीत आहे का, की तुम्ही त्यांची कागदपत्रं वापरताय?"

"त्या बाई मीच आहे."

"पण तुमचं नाव वेगळं आहे. आडनाव बदललेलं असतं तर आम्ही समजू शकलो असतो. इथे पहिलं नावच वेगळं आहे."

"नॅशनल इन्शुरन्स नंबर बघा. जन्मतारीख बघा. पत्ता बघा. सगळं एकच आहे."

"हो, ते दिसतंय मला."

"मग?"

"नाव जुळत नाही, मॅडम."

तेव्हा मी त्याला विचारलं, की या पेन्शनचे पहिले वीस टक्के तुमच्याच ऑफिसने इतकी वर्षं कुणाला दिले? याच नावाला, याच नंबरवर दिले ना? वीस टक्के देताना ती मी होते, आणि उरलेले वीस मागायला आले की मी दुसरीच कुणी? तो म्हणाला, की तो विभाग वेगळा आहे.

मी फोन आदळून ठेवला. आजोबा समोर पेपर वाचत बसले होते.

"इतकं काय चिडायचं त्यात?" ते म्हणाले. "तू तरी दिलं असतंस का औषध? नाव एक आणि प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याच नावाचं?"

हे मला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. माझी सगळी नोकरी हेच विचारण्यात गेली: नाव सांगा, जन्मतारीख सांगा, पत्ता सांगा. पण नाव जुळलं नाही म्हणून मी कधी कुणाला चोर ठरवलं नाही. जन्मतारीख आणि पत्ता जुळत असेल तर मी पुढचा प्रश्न विचारते: तुम्हाला दुसऱ्या नावाने कुणी ओळखतं का? गुजराती बायका, पंजाबी आजीबाई, पोलंडहून आलेल्या मुली, सगळ्यांना विचारलाय. एक मिनिट लागतं.

"आणि अहो," मी म्हटलं, "हे नाव फॉर्मवर कुणी लिहिलं?"

आजोबांनी पेपर वर धरला.

आता दोन्ही नावं एकाच कागदावर असलेला पुरावा हवा होता. लग्नाच्या दाखल्यावर माझं फक्त माहेरचं नाव. नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून घ्यायची पद्धत आहे, पण आमच्या वेळी ते कोण करत होतं? नाव बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. घरातल्या सगळ्यांनी ते मान्य केलं होतं, एवढंच. शेवटी आम्ही दोघं बाजारपेठेतल्या एका सॉलिसिटर बाईंकडे प्रतिज्ञापत्र करायला गेलो. त्या इंग्रज, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे नाव तांदळात लिहिलं," त्या म्हणाल्या. "साक्षीदार?"

"तीनशे," आजोबा म्हणाले. "जेवूनच गेले सगळे."

"आणि ते तांदूळ?"

"त्यांचा भात झाला असणार," मी म्हटलं.

त्या हसल्या, मग आजोबांकडे वळल्या. "राग मानू नका, पण त्यांचं आधीचं नाव का बदललंत?"

आजोबांनी चष्मा काढला. या माणसाने आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये लोकांना कठीण बातम्या सांगितल्या आहेत, त्यांना शब्द सुचत नाहीत असं मी फारसं पाहिलेलं नाही.

"पद्धत होती," ते म्हणाले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं."

सॉलिसिटर बाईंनी विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं, "ते सही कुठे करायची विचारतायत."

अमुक नावाची आणि तमुक नावाची बाई एकच आहे, असं मी शपथेवर लिहून दिलं. त्याची फी भरली. मी मीच आहे हे सांगायची फी! प्रतिज्ञापत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं आणि तीन एप्रिलला पोचलं. पोचल्याची पावती निळ्या फाइलमध्ये आहे.

जूनमध्ये उत्तर आलं. तीन वर्षांचा क्लेम मंजूर. सगळ्यात जुन्या वर्षाबद्दल लिहिलं होतं, की योग्य पुराव्यांसह तुमचा अर्ज मुदतीत नोंदवला गेला नव्हता. तरी तुमची परिस्थिती लक्षात घेऊन, अपवाद म्हणून, या वेळेपुरती सवलत देत आहोत. पुढच्या आठवड्यात चारही वर्षांचे पैसे खात्यात आले.

आजोबांनी पत्र वाचून पेढे आणायची भाषा केली. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं.

"सवलत कसली?" मी म्हटलं. "जानेवारीत अर्ज केला, त्याच नंबरवर. प्रतिज्ञापत्रही दोन दिवस आधी पोचलं. पावती आहे माझ्याकडे."

"अगं, पैसे मिळाले ना! आता कशाला उकरून काढतेस? परत मागतील."

"मागू देत. माझा हक्क होता म्हणून दिले असतील तर तसं लिहा म्हणावं. उपकार केल्यासारखं पत्र मी फाइलला लावणार नाही."

"आणि त्यांनी नाही बदललं तर?"

"तर पुन्हा लिहीन."

त्याच दिवशी मी दोन पत्रं लिहिली. एक पेन्शन कंपनीला: प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत आहे, खात्यावर माझं जन्मनाव घालावं. दुसरं टॅक्स ऑफिसला: अर्जाची तारीख, पावतीची तारीख, आणि 'अपवाद' हा शब्द काढून दुरुस्त पत्र पाठवण्याची विनंती. विनंती हा शब्द मला तीनदा खोडून पुन्हा लिहावा लागला. मनात दुसराच शब्द होता.

आजोबांनी दोन्ही पाकिटांवर तिकिटं लावली. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत ते माझ्याबरोबर आले आणि पाकिटं आत टाकण्याआधी त्यांनी पाठीमागे लिहिलेलं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, दोनदा. मग म्हणाले, "बरोबर आहे. टाक."

टॅक्स ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही. सहा आठवडे होऊन गेलेत. सोमवारी मी आठवणपत्र पाठवते आहे.