शंभरानं भागायचं राहिलं

शोकसभेत विभागप्रमुख माझ्या मैत्रिणीला ‘डॉक्टर विमलताई’ म्हणाले. ज्या माणसानं तिच्या प्रबंधावर शेवटपर्यंत सही केली नाही, तोच तिच्या फोटोला चंदनाचा हार घालून डोळे पुसत होता... गडमुडशिंगीहून आलेली तिची आई माझ्या कानाशी लागली, “लेक डाक्टर झालती व्हय? मला बोलली न्हाय की.”

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात शिकवायला लागलो आणि राजारामपुरीत एका खोलीत राहिलो. विमलच्या पर्समध्ये कायम एक इलॅस्टिकची पट्टी असायची, परकराला घालतात तसली. तिच्यावर पेनाच्या खुणा, त्या जनुकांच्या. सोबत तशाच खुणांची साधी कापडी फीत. फीत म्हणजे डीएनएची लांबी, अक्षरांत मोजायची. इलॅस्टिक म्हणजे पुढच्या पिढीत जाताना होणारी अदलाबदल, ती सेंटिमॉर्गनमध्ये. पट्टी ताणून ती ओरडायची, “एकक बघा पोरांनो, एकक!” घरीही तेच. आमटीत मीठ दोन टाक म्हटलं, की “दोन काय? चमचे की चिमट्या?” असा वैताग यायचा!

प्रमुखांच्या शोधनिबंधातली चूक तिलाच दिसली. एक सेंटिमॉर्गन म्हणजे शंभरात एक अदलाबदल. अदलाबदलीचा दर सेंटिमॉर्गनमध्ये, दहा लाख अक्षरांमागे दिलेला असतो, म्हणून एका अक्षराचा दर काढायचा तर दहा लाखांनी भागायचं आणि वर शंभरानंही. साहेबांनी शंभर सोडून दिले होते. आकडा शंभरपट फुगला आणि तसाच त्या निबंधासकट चौकटीत बसून सभागृहाच्या भिंतीवर चढला. विमल भर बैठकीत उभी राहिली, “सर, शंभरानं भागायचं राहिलंय.” सर हसले. “तुम्ही लोक एवढं शिकलात, तेच पुष्कळ झालं.” आणि बाकीचेही हसले, ही त्याहून किळसवाणी गोष्ट. तिचे मार्गदर्शक तेच. प्रबंधात तोच आकडा वापरा, मग सही करतो, म्हणाले. “खोटा आकडा मी लिहिणार न्हाय,” एवढंच ती खोलीवर येऊन बोलली आणि भात लावायला घेतला. मार्गदर्शक बदलून द्या म्हणून केलेले अर्ज पडून राहिले, पुढे किडन्या गेल्या, आणि गेल्या महिन्यात ती...

शोकसभेत तिचा फोटो ठेवला होता तो नेमका त्या चौकटीखाली. चुकीचा आकडा वर, ती खाली. लोक चहा-बिस्किटांकडे वळले, तेव्हा मी आईंना मोठ्यानं म्हणाले, “आई, झाली नव्हती ती डॉक्टर. ह्यांनी होऊ दिली नाही.” आईंनी आधी सरांकडे बघितलं, मग फोटोकडे.

“मग काढ त्यो हार,” त्या म्हणाल्या. “आन् फोटू तुझ्याकडं ने. हितं काय हाय तिचं?”

हार मी तिथंच खुर्चीवर टाकला. फोटो आता माझ्या ओट्याजवळ आहे, हाराच्या जागी तिची इलॅस्टिकची पट्टी. आमटीत मीठ घालताना हात अजून थांबतो... दोन काय?